लांबलेला टाका

मावशी गल्लीतली शिंपीण. तिची टीप उसवलेली कुणी पाहिली नव्हती आणि तिच्या जिभेला टाका घालणारा अजून जन्माला यायचा होता.

छातीत कफ भरून ताप चढला, तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मावशीने ठणकावून नाही म्हटलं. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी पुन्हा विचारलं, तर त्यांच्यावरच डाफरली. खरं तर हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी एक गोळी ती नऊ वर्षं रोज घेत होती. पण तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. मशीनला रोज तेल घालतो, त्याला कुणी दुरुस्ती म्हणतं का?

डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी काजं करता करता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. लेकीने तिला हॉस्पिटलात नेलं. नशीब, निघताना तिने नव्या औषधासोबत ती रोजची गोळी आणि जुनी फाइलही उचलली होती.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि फाइलमधल्या जुन्या ईसीजीशेजारी ठेवला. त्या काही बोलायच्या आतच मावशीने कागदावर बोट टेकवलं.

"इथे टाका लांब पडलाय."

बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी समजावलं, की हे मॅक्रोलाइड जातीचं अँटिबायोटिक छातीला चांगलं, पण तिच्या रोजच्या गोळीसोबत घेतलं, की प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो.

"आणखी ताणलं असतं, तर दोरा तुटला असता, मावशी."

मावशीने आपली चूक कबूल केली. आयुष्यात प्रथमच.

अँटिबायोटिक बदललं. दोन दिवस तिला हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यासमोर ठेवलं. तापाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती हिरवी रेघ न्याहाळत बसायची. दिवसाला किती ठोके पडतात, तिने नर्सला विचारलं. लाखभर, नर्स म्हणाली. चौसष्ट वर्षं, रोज लाख, आणि सुईसुद्धा न बदलता! एवढा कसबी कारागीर आपल्या छातीत राबतोय आणि आपण त्याची साधी दखलही घेतली नाही, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा मापात आली. लेक म्हणाली, "आई, आता जरा डोळा लाव."

"लावते," मावशी पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाली. "पण याने एकदाही लावला नाही गं."