चोथ्याच्या कांड्या

"गोदे, आवाज ऐक," म्हणत कांताने शेवाळाच्या चोथ्याची दोन वाळलेली ढेकळं एकमेकांवर आपटली. टणटण वाजली. गोवरी वाळली का, हे आम्ही असंच बघत आलोय.

खराडीत जिथे कांताचं रान होतं तिथे आता काचेची ऑफिसं आहेत. मागच्या कोपऱ्यात एका कंपनीने हौदांत शेवाळ वाढवायला घेतलं. त्यातलं तेल काढायचं, उरलेला चोथा वाळवायचा आणि यंत्रात दाबून बॉयलरला जाळायच्या कांड्या पाडायच्या. वाळवायचं काम आम्हा दोघींकडे. नवरा गेल्यापासून कांता बोलायची ती कामापुरती. स्वतःच्या रानात पाय टाकायला तिला दुसरं निमित्त उरलं नव्हतं.

त्या दिवशी मोठे साहेब कांड्या बघायला येणार होते. पसंत पडल्या तर शेड राहणार, नाहीतर महिनाअखेरीला टाळं. म्हणून कांताने आठ दिवस उलटपालट करून चोथा कडकडीत वाळवला होता.

यंत्र सुरू झालं. कांड्या पडल्या त्या भुगा होऊनच. मोठ्या साहेबांच्या बुटांवर हिरवी पूड बसली. ते तसेच गाडीत बसून गेले.

इंजिनियर अवधूत साहेब कोथरूडचा. आवाज न चढवता म्हणाला, "कांताबाई, किती वाळवलंत हे?"

"वाजंस्तवर."

"छान. पण आपल्याला कुरडया तळायच्या नव्हत्या. थोडी ओल लागते, त्याशिवाय चोथा धरत नाही."

"मग आधी सांगायचं हुतं की! वाळवा म्हनलासा, वाळवलं," मी म्हटलं. मला भयंकर संताप आला होता. कांताला काहीच झालं नाही. तिने बादली आणली, चोथ्यावर पाण्याचा हबका मारला, मूठभर दाबून पाहिला.

"आता लावा," ती म्हणाली.

बोटाएवढ्या काळपट कांड्या पडायला लागल्या. अवधूत साहेबाने एक मोडून पाहिली, मोडेना. त्याने घाईघाईने मोठ्या साहेबांना फोन लावला, नुसतं ऐकलं आणि फोन खिशात ठेवला.

"गाडीतच ठरवलं त्यांनी. बंद करायचं."

"म्हंजी उद्या यायचं न्हाई?" कांताने विचारलं.

त्याने मान खाली घातली. "महिना संपेपर्यंत या."

ओला चोथा अजून चार पाट्या पडला होता. कांताने ताडपत्री झटकली.

"थर जाड टाकू," ती म्हणाली. "वाईच ओल ऱ्हाईल."

मी दुसरं टोक धरलं.