खिरीवर भुरभुरलेली अंडी

"ती दालचिनी नव्हती, आई! माझी अंडी होती ती!"

नेरेओने रिकामी बाटली ओट्यावर अशी आपटली की मक्याच्या सालीत गुंडाळून उकडत ठेवलेल्या तमालच्या पातेल्याचं झाकण थरथरलं. आई चमचा हातात धरून तशीच उभी. समोर तांदळाच्या खिरीचे सात वाडगे, आणि प्रत्येकावर ती तपकिरी भुकटी हौसेने भुरभुरलेली. आठवा वाडगा रुतिल्यो मामाने चाटूनपुसून संपवलेला.

"तरीच म्हटलं, दालचिनीला वास कसा नाही," मामा म्हणाला. "दाताखाली मात्र मस्त कुरकुरत होती."

"हसू नकोस, मामा. दीडशे पिल्लं उपाशी मरतील माझी."

"मग मसाल्याच्या फळीवर ठेवायची कशाला?" आई उसळली. "बाटलीवर नाव तरी लिहायचंस. का शाळेबरोबर अक्षरंही सोडलीस? आजवर एक गोष्ट तरी पुरी केलीयस का रे तू?"

नेरेओच्या कानशिलांत रक्त चढलं. फळी का, हे तो सांगणार होता. कालव्याकाठच्या त्या घरात भिंतींनाही घाम फुटायचा, आणि ओल लागली की आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना जिवंत खाऊ म्हणून घालायच्या खाऱ्या पाण्यातल्या किड्यांची, अंडी फुकट जातात. चुलीवरची फळी तेवढी कोरडी. पण तो वळला आणि मागच्या खोलीत गेला.

तिथे पांढऱ्या घमेल्यांत अहोलोतेची, कालव्यातल्या कल्लेवाल्या पाणसरड्याची, पिल्लं होती. नखाएवढी, काचेसारखी आरपार. अंडी घालून मादी मेली, तेव्हा मामा म्हणाला होता, दे कालव्यात सोडून. नेरेओने नाही सोडली. पोटातला बलक त्यांना कालपर्यंत पुरला. आता हलेल तेच धरायची, हलत नसेल त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. कोरडा खाऊ नुसता तळाशी कुजायचा. आणि घमेल्यात हलणारं दुसरं काही नसलं की शेजारचा भाऊच हलतो. सकाळपासून तिघांच्या शेपट्या तुटल्या होत्या.

तो धावत परत आला. "आई, भुरभुरलीस तेव्हा खीर गरम होती?"

"छे. पहाटेच केलेली. गार होती."

"मग जिवंत असतील! मामा, वाडग्यांना हात लावलास तर बघ!"

"आणि माझ्या पोटात गेलीत ती?"

"ती तूच उबव."

तो चमच्याने खिरीचा वरचा थर खरवडायला लागला. आई आत गेली आणि तिचा नायलॉनचा लांब मोजा घेऊन आली. "धुतलेलाय," एवढंच म्हणाली. तांदूळ चाळणीत राहिले. दुहेरी केलेल्या मोज्यात भुकटी राहिली, दुधाने चिकट झालेली. त्याने ती पाच वेळा धुतली. सोड्याच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगली, मिठाचं पाणी भरलं, हवेची नळी सोडली. पाणी बर्फासारखं गार, म्हणून बाटली तमालच्या पातेल्याशेजारी. आई येता-जाता बाटलीला मनगट लावून बघायची. "जवळ घे अजून. नाही, एवढी नको, उकडतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीवर फेस आला होता आणि नासक्या दुधाचा वास येत होता. नेरेओने हवा बंद केली, बाटलीवर काळं फडकं टाकलं, तळाशी दिवा धरला. नारिंगी ठिपके थरथरत उजेडाकडे उतरले. पाच मिनिटांत खाली बोटभर नारिंगी रेघ जमली.

"एवढीच?" आईने विचारलं.

"एवढीच. बाकीची नासली."

गोड्या पाण्यात खळबळून त्याने ती ड्रॉपरने घमेल्यांत सोडली. क्षणभर काहीच नाही. मग एक डोकं झटकन वळलं. मग दुसरं. पोटं नारिंगी व्हायला लागली. त्याने मोजली, पन्नाससुद्धा भरली नाहीत. बाकीची रिकामी, काचेसारखी. थोड्याच वेळात पाण्यात एक ठिपका उरला नाही, आणि एका उपाशी पिल्लाने शेजारच्याचा कल्ला धरला. नेरेओने दोघांना सोडवलं.

"बाजारातून आण नवी अंडी," आई म्हणाली.

"सणामुळे दुकानं बंद आहेत परवापर्यंत. आणि उबायला पुन्हा एक दिवस. तोवर एकमेकांना संपवतील ही."

मामा दारात उभा होता. या वेळी हसत नव्हता. "झेंडूच्या वाफ्यामागच्या चारीत पाणपिसवा असतात, पाण्यात उड्या मारणारे बारीक किडे. सकाळी लाल ढग असतो नुसता. ऊन चढलं की खाली जातात."

"ते पाणी घाण आहे, मामा. रोग येईल. सगळी जातील."

"मग स्वच्छ पाण्यात मारणारेस?" आईने विचारलं.

नेरेओने घमेल्याकडे बघितलं. मग ओला मोजा खांद्यावर टाकला, बादली उचलली, होडीचा बांबू घेतला.

"दोन तमाल तरी खाऊन जा रे. कालपासून पोटात काही नाही तुझ्या."

"नको, आई. ऊन चढतंय. मला आता निघायलाच हवं."