ओरखडा आणि डाग

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात पाहून कुणी कधी भांग पाडला नाही. कोटाच्या बटणाएवढं माझं तोंड आणि खाली लांब पोलादी दांडी. दातांच्या एका डॉक्टरबाईंच्या हाताखाली माझा जन्म गेला.

कारखान्यातून आलो तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होतो. पहिल्याच तोंडात तो उतरला! दात न घासता झोपणारे, दिवसभर गोड चहा ढोसणारे, दाताने बाटल्यांची बुचं उघडणारे, सगळे मी आतून पाहिले. काम झालं की वाफेच्या पेटीत कडक आंघोळ आणि पुन्हा हजर.

बाईंची एक खोड होती. दुखरा दात त्या सगळ्यात शेवटी बघत. माणूस कळवळून बोट दाखवायचा, तर म्हणायच्या, "दुखतंय ते तुम्ही सांगितलंत. दुखत नाही ते आधी बघू द्या." लोक वैतागायचे.

एकदा एका बसचालकाला त्याच्या थोरल्या बहिणीने अक्षरशः ओढून आणलं.

"उजवी दाढ तेवढी उपटा," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला. "गाडी सुटायची आहे माझी."

"आ करा." बाईंनी मला डाव्या गालाकडे वळवलं. तो तंबाखूची गोळी ठेवायचा, नेमक्या त्याच जागी पांढरा डाग होता. बाईंचा हात थांबला.

"इथे दुखतं?"

"छे! अजिबात नाही."

"पांढरा डाग दिसतोय इथे," बाई म्हणाल्या. 

तो खुर्चीत सावरून बसला. "आरशावरचा ओरखडा असेल हो, डॉक्टर. जुना झालाय तुमचा आरसा."

ओरखडा माझ्यावर खरंच होता. एरवी मी चिडलो असतो. पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं, दोष माझाच निघू दे! बाईंनी मला खाली ठेवून नवा आरसा उघडला. मी श्वास रोखून त्यांच्या कपाळाकडे पाहत होतो. तिथली आठी काही गेली नाही.

"ताई," तो बहिणीला म्हणाला. "माझ्या पोरीला यातलं काही सांगू नकोस."

डागाचा बारीकसा तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत दवाखान्याचं दार वाजलं की माझ्या काळजात धस्स व्हायचं. शेवटी चालक आला, ताईचा हात घट्ट धरून.

"कर्करोग नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही. तंबाखू आजच्या आज बंद, आणि गाल मला दाखवत राहायचा. यात टाळाटाळ केलीत, तर पुढच्या वेळी काय सांगावं लागेल, कुणास ठाऊक."

त्याने खिशातली पुडी कचऱ्यात टाकली. निघताना ओशाळून म्हणाला, "तो जुना आरसा मला द्याल?"

आता मी त्याच्या घरी बेसिनपाशी असतो. दात घासून झाले की तो मला गालात धरतो आणि समोरच्या मोठ्या आरशात बघतो. हात अजूनही रिकाम्या खिशाकडे जातो, तेव्हा मला फार भीती वाटते. मित्रांनो, दुखेपर्यंत थांबू नका रे! काही दुखत नसतं, तेव्हाच दातांच्या डॉक्टरांकडे जा.

काल त्याची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, रोज काय बघता हो?"

तो घुटमळला. मग त्याने गाल ओढून धरला. ती वाकून बघू लागली.

"पांढरं दिसतंय काहीतरी. आरशावर आहे का?"

"नाही, बाळा," तो म्हणाला. "माझ्या गालावर आहे."