कॉम्प्युटरमधली आजी

"आई, हिला पाय आहेत!"

तेजस ओरडला आणि एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या झाडाखाली अंथरलेल्या सतरंजीवर हशा पिकला.

"अरे, ही आपली कॉम्प्युटरमधलीच आजी," दिग्विजय लेकाला म्हणाला.

"आहेत हो बाळा पाय. चालतातसुद्धा," मथुराबाई म्हणाल्या. हसल्या, पण पाय साडीखाली ओढून घेतले.

सून रूपालीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या त्या वेणूताई, रूपालीची आई. पुढेही सहा-सहा महिने त्याच जात राहिल्या. मथुराबाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले. त्यामुळे मथुराबाईंच्या वाट्याला कॉम्प्युटरवरचा रविवारचा कॅमेरा आला, छातीपर्यंतच दाखवणारा. यजमान मागच्या वर्षी गेले. आता मुलगा पुण्यात आला, तर उतरला सासुरवाडीला. का, तर तेजसला त्या आजीची सवय!

मथुराबाईंनी बेसनाचे लाडू पुढे केले. तेजसनं आधी वेणूताईंकडे पाहिलं.

"घे की. त्या आजींना थँक्यू म्हण."

'त्या' म्हणे! माझ्याच नातवाला माझी ओळख हिनं करून द्यायची!

खडकीच्या कारखान्याच्या वसाहतीत मथुराबाईंनी जन्मभर बालवाडी चालवली. नव्या मुलाला हाका मारायच्या नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या बाजूला बसून वाळकी पानं आणि खडे मांडू लागल्या. थोड्या वेळानं तेजस आलाच. पानाच्या ताटलीत त्यानं खडा वाढला, दुसरा वाढला, आणि ताटली उचलून पळाला.

"आजी, बघ, जेवण!" वेणूताईंना दाखवायला.

दुपार कलली. दिग्विजय आणि रूपाली चहा आणायला गेले, वेणूताई नळावर. तेजस पेंगुळला होता. इकडेतिकडे पाहून तो मुकाट्यानं मथुराबाईंच्या मांडीवर चढला. त्यांनी श्वास रोखला. त्याचा हात चाचपडत त्यांच्या कानाशी गेला, मोत्याची कुडी बोटाला टोचली आणि त्यानं भोकाड पसरलं.

वेणूताई धावत आल्या. दोन्ही हात पुढे केले. संपलं, मथुराबाईंना वाटलं. न्या, तुमचाच आहे.

वेणूताईंचे हात मध्येच थांबले.

"कुडी काढा, विहीणबाई. झोपताना त्याला कान लागतो."

हिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी सांगितलं असतं? मथुराबाईंनी कानाला हात घातला.

एका हातानं फिरकी निघेना. वेणूताईंनी वाकून ती सोडवली. तेजसनं कानाची पाळी चिमटीत धरली, एक हुंदका दिला आणि डोळे मिटले.

कुडी मुठीत धरून वेणूताई समोर बसल्या. त्यांचे दोन्ही कान मोकळे होते, भोकं बुजत आलेली. मुलाकडे त्या बघत नव्हत्या. लांब घसरगुंडीवर कोणाची तरी मुलं खेळत होती, तिकडे बघत होत्या.