अर्धं झाड

"करवत कुणी लावली याला?" धाकट्या सुनेने पायातल्या चपलासुद्धा न काढता विचारलं.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर तिचं बर्ड ऑफ पॅराडाइजचं झाड आडवं पडलं होतं, मधोमध दुभंगलेलं. कुंडीच्या ठिकऱ्या कोपऱ्यात लोटल्या होत्या. बोटाएवढी जाड, पांढुरकी मुळं तुटून लोंबत होती.

"मीच सांगितली लावायला, तुझ्या थोरल्या दिराला," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "कुंडीतून निघेचना मेलं. थोरली आज निघाली, तिच्या नव्या घरात एवढं तरी हिरवं नको? सगळ्याचे दोन वाटे केले, याचेही केले. उगाच कुणी म्हणायला नको, म्हातारीने डावं-उजवं केलं."

सासूबाईंचा न्याय पहिल्यापासून असाच. सुना दोन, तर वाटे दोन. साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने कापली जाई. नवी नवरी म्हणून आली तेव्हा धाकटीला याचं कौतुक वाटलं होतं. पुढे कळत गेलं, की इथे अख्खं असं काही कुणाच्या हाती लागतच नाही.

चष्म्याच्या कारखान्यात ती दिवसभर भिंगं घासायची. तिथली एक बाई नोकरी सोडताना तिच्या तळहातावर थोड्या बिया ठेवून गेली. काळ्याभोर, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नारिंगी झुलपं. लेक तेव्हा पोटात होती. बियांतली एकच रुजली. लेक पालथी पडली, रांगली, शाळेत गेली, तिचे दुधाचे दात पडायला लागले; झाड आपलं पानावर पान काढत राहिलं. सासूबाई त्याला 'बिनकामाची केळ' म्हणत. मोठी कुंडी आणू का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "नको. मुळांची दाटी झाल्याशिवाय हे फुलत नाही."

"मग या घरात आपण सगळे केव्हाच फुलायला हवे होतो," तो हसत म्हणाला होता.

आणि गेल्याच आठवड्यात पानांच्या बेचक्यातून एक दांडा वर आला, टोकाला पाखराच्या चोचीसारखी कळी घेऊन. तिने तो फक्त लेकीला दाखवला. तोही ओठांवर बोट ठेवून.

आता तो केरात पडला होता. तिने वाकून उचलला.

"हा कुणी मोडला?"

"ते होय? न उलगडलेलं पान आहे ते. करवतीच्या आड येत होतं."

"पान नव्हे. कळी होती."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मग सांगायचंस ना गं. मी काय मनकवडी आहे?"

"सांगितलं असतं तर फुलाचेही वाटे घातले असते तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता, तरी आतल्या खोलीत सामान बांधणारे दोघे भाऊ हातातली दोरी सोडून डोकावले. "बाळंतपणात माझ्या आईने दुलई पाठवली, ती उसवून दोन केलीत. बोलले मी? पण हे मी बियांपासून वाढवलंय. हे घराचं नव्हतं. माझं होतं."

"माझं-तुझं कधीपासून आलं या घरात?"

"आजपासून."

दारात उभी असलेली थोरली पुटपुटली, "मी नकोच म्हणत होते गं."

"म्हणालात ना? मग घेतलंत कशाला?"

थोरली स्वयंपाकघरात जाऊन वाडग्यात कोमट पाणी घेऊन आली. "फुलवाल्यांना बघितलंय मी. कळी अशा पाण्यात धरतात आणि अंगठ्याने आतल्या पाकळ्या वर काढतात. बघू करून?"

लेक टाचा उंचावून वाडग्यात डोकावली. "आई, काढू दे ना काकूला."

धाकटीने हातातल्या कळीकडे पाहिलं. हिरवीगार, घट्ट मिटलेली. "नको. हिचे दिवस भरले नव्हते. ओढून काढल्याने फूल होत नाही."

"येईल की परत," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"येईल ना. पुन्हा मुळांची दाटी होईल तेव्हा. तोवर ही पोर माझ्या खांद्याला लागेल."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. थोरली जवळ आली. "दोन्ही अर्धी तूच ठेव. मला नको."

"ठेवून जोडता येतात का, जाऊबाई? घेऊन जा तुमचा वाटा. इथे राहिला तर उठता-बसता डोळ्यांत खुपेल माझ्या."

पण तो तसाच नेऊ दिला नाही तिने. गॅलरीत फतकल मारून बसली, नवऱ्याकडून ब्लेड मागून घेतलं आणि थोरलीच्या अर्ध्या झाडाची पिंजलेली मुळं एकेक करून नीट कापू लागली. तशीच लावली असती तर कुजली असती. डोळ्यांतलं पाणी तिने दंडाला पुसलं, हात थांबवला नाही. हॉर्न पुन्हा वाजला. तिला ऊठ म्हणायला कुणी धजलं नाही.

तिच्या वाटणीचं अर्धं अजून वर्तमानपत्रावर उघडंच पडलं होतं.