आठ मिलीमीटरची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, आणि माझा पहिला सेंटीमीटर गेलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या एका सेंटीमीटरने पाच आठवडे एका भल्या माणसाचा घात केला होता. पण घाबरू नका. शेवटी तोच माणूस आख्खी बस भरून माणसं घेऊन जातो, आणि त्यात माझाही हात आहे. पट्टीला हात नसतो म्हणाल, तर काठ म्हणा.

माझा जन्म एका सुतारकामाच्या कारखान्यात झाला. एकाच पिवळसर फळीतून माझ्यासारख्या चाळीसजणी निघाल्या. गरम शिक्क्याने आमच्यावर शून्य ते तीस आकडे उमटवले. तिथल्या तपासनीस बाई एकेकीला डोळ्यासमोर धरून बघत. माझ्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "ही सरळ आहे." पुढे आयुष्यात माझं बरंच कौतुक झालं, पण इतकं नेमकं कुणीच केलं नाही.

ज्या घरात मी आले तिथे दोन भावंडं होती, थोरला आणि धाकटी. थोरल्याने पहिलं वर्ष माझ्याकडून समास आखून घेतले आणि दुसऱ्या वर्षी माझी तलवार केली. तलवारीला टोक हवं म्हणून त्याने मला पायरीवर घासलं. माझं शून्य गेलं, पाठोपाठ पहिला सेंटीमीटर गेला, पण टोक काही निघालं नाही.

"काय रे, पट्टीला काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"उंदराने खाल्ली."

"उंदीर फारच हुशार दिसतो. पायरीवर भुसा सांडून गेलाय."

वडिलांनी करवतीने माझं वेडंवाकडं टोक सरळ कापून दिलं, अगदी एकच्या रेघेवर. काम इतकं सफाईदार झालं की मी जन्मतःच एवढी आहे असं कुणालाही वाटावं. खरी गोम तिथेच होती. मोडकी वस्तू मोडकी दिसली तर माणूस सावध होतो, आणि मी तर चांगली धडधाकट दिसत होते.

मग बरीच वर्षं मी पडेल ती कामं केली. कपाटाखाली गेलेल्या वस्तू ओढून काढल्या, खिडकीच्या फटीत अडकून राहिले, आजोबांची पाठ खाजवली. त्यातलं पाठ खाजवणं हेच काय ते मानाचं काम.

धाकटी मोठी होऊन समुपदेशक झाली. मनाने अडलेल्या माणसांशी बोलून, त्यांना मार्ग सापडायला मदत करणं हे तिचं काम. दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. बाहेर एक बाकडं, आत समोरासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक करकरणारी. दारावरच्या पाटीवर तिच्या नावापुढे दोन पदव्या होत्या आणि लोक तिला मॅडम म्हणत. मला मात्र ती अजून धाकटीच.

तिच्याकडे एक चांगली पद्धत होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती एक कागद देई. कागदावर दहा-दहा सेंटीमीटरच्या दोन आडव्या रेघा, आकडे काहीच नाहीत. वरची रेघ आल्याआल्या भरायची: हा आठवडा कसा गेला? फार वाईट गेला तर डाव्या टोकाला खूण, छान गेला तर उजव्या. खालची रेघ निघताना भरायची: आजच्या भेटीत तुम्हाला हवं ते झालं का? माणूस गेला की धाकटी पट्टीने खुणा मोजायची आणि आलेखावर ठिपका द्यायची. आपल्या कामाचा उपयोग होतोय की नाही, हे आपल्या मनाला न विचारता समोरच्याला विचारायचं, असा त्यामागचा विचार.

विचार उत्तम होता. फक्त मोजायची तिची प्लॅस्टिकची पट्टी एक दिवस कुणाच्या तरी खाली येऊन मोडली, आणि धाकटीने घरून मला आणलं.

त्या महिन्यात आमच्याकडे येणारी सगळी माणसं एकेका सेंटीमीटरने सुखी झाली.

तुमच्या लक्षात आलं असेलच. धाकटी माझं कापलेलं टोक रेघेच्या सुरुवातीला लावायची आणि आकडा वाचायची. तीनचे चार होत होते. मी ओरडून सांगितलं असतं, पण पट्टीला तोंड नसतं.

आता बसवाल्या काकांची ओळख करून देते. बावीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली होती. सहा महिन्यांपूर्वी एका वळणावर एक सायकलवाला घसरून त्यांच्या बससमोर पडला. काकांनी ब्रेक दाबला. सायकलवाल्याचा पाय मोडला, जीव वाचला, आणि चौकशीत काका निर्दोष ठरले. पण त्या दिवसापासून ते स्टिअरिंगसमोर बसले की हात बधिर व्हायचे. डेपोप्रमुखांनी त्यांना तेरा आठवडे दिले होते. तेवढ्यात गाडी हातात घेतली तर ठीक, नाहीतर चौकशीच्या खिडकीत कायमची बदली. "तिथं बसून काय सांगू लोकांना?" काका म्हणायचे. "बस कधी सुटणार? अहो, ती माझ्याच हातून सुटलीय."

पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे प्लॅस्टिकबाईंच्या कारकिर्दीत, काकांची वरची रेघ ३.१ आणि ३.० होती. मी आल्यावर ४.१, ४.२, ४.०, ४.२, ४.१. धाकटीने आलेखाखाली लिहिलं: सुधारणा. आणि खालची रेघ? प्रत्येक वेळी पार उजव्या टोकाला. टोकावरची खूण मोजायची कशाला? ती सरळ दहा लिहून टाकायची. एकटे काकाच नव्हे, सगळेच तिला दहा देत. समोरची बाई मायेने बोलते, पाणी विचारते, आणि आपण तिला आठ द्यायचे? छे, शोभतं का!

दर पंधरवड्याला धाकटीचे जुने सर येत. निवृत्त झाले होते, पण तिचं काम तपासून बघायची सवय सुटली नव्हती. तिने आलेख पुढे केला.

"बघा सर, काका चढतायत!"

"वरचं राहू दे. खाली सात वेळा दहा?"

"काका खूश आहेत सर."

"खूश आहेत, की सभ्य आहेत? अगं, तीस वर्षं शिकवलं मी. मला कुणी दहापैकी दहा दिले नाहीत. आमच्या हिने तर सहाच्या वर कधी नेलंच नाही."

"मग काय करू?"

"कमी माग. मागितल्याशिवाय तुला ते कुणी देणार नाही."

आठव्या भेटीला धाकटीने कागद देताना हात जोडले. "काका, एक विनंती. आज मला पूर्ण देऊ नका. काय राहिलं तेवढं दाखवा. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते."

काकांनी बराच वेळ पेन हवेत धरलं. मग टोकाच्या अलीकडे एक बारीकशी खूण केली, आणि चोरी केल्यासारखा कागद उलटा ठेवला.

धाकटीने प्रथमच ती खालची रेघ मला लावून मोजली. आणि थबकली. पुन्हा मोजली.

"दहा पूर्णांक दोन?"

"जास्त झाले का?" काका घाबरले. "मी तर कमी द्यायला गेलो होतो."

दहा सेंटीमीटरच्या रेघेवर दहाच्या पुढे खूण! धाकटीने मला डोळ्यांजवळ धरलं, कारखान्यातल्या त्या तपासनीस बाईंसारखं, आणि माझं टोक पाहिलं. मग खाली बसून तिने काकांचे सगळे कागद पुन्हा मोजले. ३.१, ३.२, ३.०, ३.२, ३.१. काका जिथे होते तिथेच उभे होते. जी काही चढाई झाली होती ती माझी होती.

मित्रांनो, लाकडाला घाम फुटत नाही, नाहीतर मी भिजले असते.

धाकटीने काही लपवलं नाही. "काका, मी चुकीचं मोजत होते. तुम्हाला बरं वाटतंय असं मी समजून चालले. तसं नाहीये, हो ना?"

"नाही मॅडम." काका हळूच म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आज खाली खरे नऊ पूर्णांक दोन आहेत. हे राहिलेले आठ मिलीमीटर कशाचे?"

काका खुर्चीत सरकले. खुर्ची करकरली. "तुम्ही फार छान बोलता. श्वास शिकवलात, लहानपणचं विचारलंत, इथं आलं की गार वाटतं. पण मॅडम, बस डेपोत आहे आणि मी या खुर्चीत."

अशा भीतीवर काय चालतं, हे शेकडो माणसांवर पडताळून पाहिलेलं होतं: ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच ठरवून, पायरीपायरीने, पुन्हापुन्हा जायचं. हे धाकटीला पाठ होतं. पण पहिल्या भेटीत डेपोचं नाव काढताच काकांना दरदरून घाम फुटला होता, आणि धाकटीचा जीव कळवळला होता. तेव्हापासून ती काकांना सांभाळत होती. सांभाळता सांभाळता आठ आठवडे गेले.

"हातात पाच आहेत," ती म्हणाली. "उद्या डेपोत भेटू."

त्या दिवशी तिने नखांना लावायच्या लाल रंगाने माझ्यावर दोन रेघा ओढल्या, एक दहाच्या आकड्यावर, एक विसाच्या. पहिली लाल रेघ म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे दहा. इतक्या वर्षांनी मला माझं शून्य परत मिळालं, तेही दागिन्यासारखं!

मग आमची वरात डेपोत. माझी लांबी तेव्हा कामी आली. मी धाकटीच्या पर्समधून अर्धी बाहेर असे, त्यामुळे सगळं दिसे. पहिल्या दिवशी काका उभ्या, बंद बसमध्ये चालकाच्या सीटवर बसले. कपाळावरून धारा.

"मॅडम, उतरतो."

"उतरा काका. पण आधी तिला उतरू द्या."

"कुणाला?"

"भीतीला."

डेपोच्या घड्याळात बावीस मिनिटं गेली, तेव्हा काकांची बोटं सैल झाली. दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं, आणि त्या दिवशी काकांनी खालच्या रेघेवर धाकटीला सहाच दिले.

"सहा का हो?"

"किल्ली मेकॅनिकने फिरवली. गाडी माझी, किल्ली त्याच्या हातात?"

पुढच्या वेळी किल्ली काकांच्या हातात होती. पण त्या आठवड्यात वरची रेघ घसरून २.४ वर आली. धाकटीचा चेहरा उतरला. तिने सरांना फोन लावला. "सर, मी त्यांना छळतेय का?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

तिने विचारलं. काका म्हणाले, "झोप उडालीय हे खरं. पण इतक्या महिन्यांनी हाताला स्टिअरिंगचा वास आलाय. आता थांबलात तर पुढच्या खेपेला शून्य देईन, सांगून ठेवतो!"

थांबायचा प्रश्नच नव्हता. डेपोच्या आवारात एक फेरी, मग दहा. रेघ ३.९ वर आली. हे माझे आकडे नव्हेत हं, त्यांचे. रिकाम्या रस्त्यावर फेऱ्या झाल्या, ५.३. उरली ती सगळ्यांत अवघड पायरी: बससमोर सायकल.

"सायकल कोण चालवणार?" मेकॅनिकने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

पंधरा वर्षांनी ती सायकलवर बसली होती. बस चालण्याच्या वेगाने, मध्ये चांगलं वीस पावलांचं अंतर, बाजूला मेकॅनिक उभा. धाकटी अशी डुगडुगत निघाली की मेकॅनिकने डोळे मिटले. बस थांबली. पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. आणि सहाव्या फेरीला चालकाच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"अहो मॅडम! कडेने चालवा, कडेने! आणि वळताना हात कोण दाखवणार? रस्ता काय तुमच्या नावावर आहे?"

धाकटी सायकलवरून जवळजवळ पडलीच, हसून. रागावलेला चालक परत आला होता. त्या दिवशी वरची रेघ ६.८.

तेराव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी खरी बस, खरे प्रवासी, एकोणीस थांबे. मागच्या सीटवर हाताची घडी घालून डेपोप्रमुख. सातव्या थांब्याच्या पुढे ते वळण आलं. काकांनी वेग कमी केला. इतका कमी की कंडक्टरबाई ओरडल्या, "काय हो, बस चालवताय की पाळणा हलवताय?" तेवढ्यात उजवीकडून एक सायकलवाला घुसला. धाकटीने मला पर्ससकट घट्ट धरलं. काकांनी आरशात पाहिलं, ब्रेकवर पाय ठेवला, त्याला जाऊ दिलं, आणि शांतपणे वळण घेतलं.

प्रवाशांपैकी कुणालाही काही कळलं नाही. एक आजी तर डुलकी घेत होत्या. बस नीट चालवल्याची याहून मोठी पावती नसते.

शेवटच्या थांब्यावर डेपोप्रमुख उतरले. "त्या खिडकीत आता दुसरा माणूस शोधायला हवा," असं पुटपुटले, आणि काकांच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. कंडक्टरबाईंनी घंटी वाजवली. एकदा, दोनदा, मग वाजवतच राहिल्या.

शेवटच्या भेटीला वरची रेघ ८.६. खालची मोजताना धाकटी हसायला लागली. ९.२.

"काका! आता हे आठ मिलीमीटर कशाचे?"

"ही खुर्ची करकरते, मॅडम. पहिल्या दिवसापासून ऐकतोय. कुणीतरी सांगायला नको?"

दुसऱ्याच दिवशी खुर्चीला तेल पडलं.

मित्रांनो, मला मखमलीत ठेवा असं मी म्हणणार नाही. मला वापरा, पण मोजायच्या आधी माझं शून्य जागेवर आहे का ते पाहा. आणि तुम्हाला मदत करणाऱ्याने मनापासून विचारलं की "आज कसं झालं?", तर सभ्यपणे दहा देऊन उठू नका. राहिलं असेल ते सांगा. चांगल्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही, त्याला तेच हवं असतं.

रोज सकाळी नऊ वीसला आमच्या खिडकीखालून बस जाते. धाकटी हातातलं काम टाकून खिडकीत येते आणि घड्याळ बघते. एखाद्या दिवशी मिनिटभर उशीर झाला, तर ती हात उंच करून अंगठा आणि बोट किंचित अलग धरते आणि काकांना दाखवते. आठ मिलीमीटर.

खालून हॉर्न वाजतो.