हरेश्वरचा सूर

"मशीन आहेस तू, नंदू! नुसती मशीन!" रामनाथने गिटार गादीवर ठेवली. "सूर बरोबर, स्पीड झकास. पण आत काय? काय पण नाय!"

"तुझ्या आत एवढं भरलंय, तर ते बाहेर का येत नाही?" नंदकिशोर शांतपणे म्हणाला. "त्या चढावर दर वेळी बोटं अडकतात तुझी. रोज तासभर बस ना यार. आधी हळू वाजव, मग वेग वाढव."

"फीलिंगचा काय सराव करायचा?"

"भांडा," ड्रमवरून चंद्रप्रकाश ओरडला, "पण तालात भांडा! रविवारी कॉलेजच्या स्पर्धेत स्टेजवर आहोत आपण!"

तिघांचा बँड. बास गिटार वाजवणारा अजून मिळालाच नव्हता. १९८६ साली चेंबूरमध्ये तो मिळणं सोपं नव्हतं. नंदकिशोर बँकेत कारकून. कॅसेट मागेपुढे करून एकेक सूर अचूक उतरवून घ्यायचा. रामनाथ माहुलच्या कोळीवाड्यातला, कारखान्यात फिटर. त्याला शिकवलं कुणीच नव्हतं. तार खेचून धरली की त्याचे डोळे मिटायचे आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मात्र पुढचा सूर येईलच, याची खात्री नसायची.

रविवारी तो जे वाजवणार होता, ते त्याचं स्वतःचं होतं. त्याचा बाप हरेश्वर जाळं ओढताना तोंडाने एक सूर घोळवायचा. शब्द नसलेला, भराभर वर चढणारा आणि टोकाला जरा थांबून एकदम खाली सुटणारा. चार महिन्यांपूर्वी हरेश्वर गेला. तो सूर रामनाथने गिटारवर धरला होता.

रविवारी चार वाजता कॉलेजचं मैदान गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत, अबोली लुगड्यात, रामनाथची आई सरूबाई बसली होती. मासळीची पाटी लवकर रिकामी करून ती पहिल्यांदाच ऐकायला आली होती.

चंद्रप्रकाशने चार ठोके दिले आणि आवाज छातीवरच आदळला. नंदकिशोरची बोटं पळू लागली. पोरं खुर्च्यांवर चढली. रामनाथच्या कानशिलांत रक्त उसळत होतं. त्याची पाळी आली. त्याने पहिली तार खेचली, धरली, थरथरवली, आणि सगळं मैदान गप्प झालं. पुढच्या क्षणाला शिट्ट्या, आरोळ्या! आता चढ. बाप त्याला समोर दिसत होता, ओला दोर ओढत, पाय रोवून मागे झुकलेला. त्याने हात वर सरकवला.

आणि बोटं अडकली.

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. मागून कुणीतरी ओरडलं, "वाट लागली!" रामनाथने तारांवरून हात काढला.

तेवढ्यात तोच चढ ऐकू आला, जिथे तुटला होता तिथूनच. नंदकिशोर वाजवत होता. प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ, वर, आणखी वर. टोकावर तो नेमका तेवढाच थांबला, जेवढा हरेश्वर थांबायचा. मग खाली सुटला. रामनाथ भानावर आला, त्याने त्याखाली जोरात कॉर्ड धरले, चंद्रप्रकाश बेभान झाला आणि मैदान उसळलं!

बक्षीस दुसऱ्याच बँडला मिळालं. स्टेजमागे रामनाथने नंदकिशोरचं मनगट पकडलं. "तुला कसं जमलं रे ते?"

"रोज बसत होतो. पंधरा दिवस. तू तोंडाने घोळवून दाखवलंस ना, तेव्हापासून डोक्यातून जाईना. टोकावर तेवढं का थांबायचं, ते मला ठाऊक नाही. तू थांबतोस, म्हणून मी थांबलो."

सरूबाई वाट काढत आली. लेकाकडे न बघता ती नंदकिशोरसमोर उभी राहिली. "यो तर ह्याचे बापाचा सूर! तुला कसा ठावं, बाला?"

"ह्यानेच दिला, काकू."

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "एकदा परत वाजव ना रे."

वायरी काढून झाल्या होत्या. नंदकिशोर एका खोक्यावर बसला आणि त्याने तशीच गिटार छेडली. विजेवाचून तिचा आवाज जेमतेम निघत होता. सरूबाई कान देऊन खाली वाकली आणि तिने डोळे मिटले.

रामनाथने आज डोळे मिटले नाहीत. तो आईशेजारी जमिनीवर उकिडवा बसला आणि नंदकिशोरचं कुठलं बोट कुठे पडतं, ते बघू लागला.